अपघाताच्या सत्राला खुर्ची सोडू नका

रासायनिक वसाहतीत शिफ्ट काढता काढता केमिकल इंजिनिअरांच्या सभा-संमेलनांनाही जात राहिलो. त्या रस्त्याला लागणाऱ्या नव्या मुलामुलींना सांगण्याजोगं थोडंसं.

१. कॉलेजात असतानाच सभासद व्हा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स ही आपली संस्था १९४७ची, मुख्यालय कोलकात्याला जादवपूर विद्यापीठाच्या आवारात. डिसेंबरअखेरीस तिचं ‘केमकॉन’ हे संमेलन भरतं. तिथे प्राध्यापकांची गर्दी, कारखान्यातली माणसं मोजकी, ही तक्रार खरी आहे. पण तक्रार करणारेच घरी बसले तर ती कायम खरीच राहील.

२. बायोडेटा वाटत फिरू नका. सगळ्यांना कळतं.

३. सुरक्षिततेचं सत्र बहुधा जेवणानंतर ठेवतात आणि निम्मा हॉल रिकामा होतो. तुम्ही बसा. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यातल्या अपघाताची हकिगत मला अशाच सत्रात नीट उमगली. ओळीत सहा रिअ‍ॅक्टर, पाचव्याला तडा गेलेला. तो काढला आणि चौथ्यापासून सहाव्यापर्यंत २० इंची तात्पुरता पाइप टाकला. त्याचा आराखडा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढला होता. पाइपवर जोर किती येईल याचा हिशेब कोणी केला नाही. करणार कोण? मुख्य यंत्र-अभियंत्याची जागाच रिकामी होती. १ जून १९७४ रोजी सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि २८ माणसं गेली. शनिवार होता, ऑफिसं ओस होती; नाहीतर आकडा कितीतरी मोठा झाला असता. हे ऐकल्यावर ‘तात्पुरतं जोडून घेऊ, शटडाऊनला बघू’ हे वाक्य मी ऐकून सोडून देत नाही. हिशेब कुठे आहे आणि सही कोणाची, एवढंच विचारतो. लोक वैतागतात. वैतागू देत.

४. अपघाताची बातमी वाचलीत की आपल्या प्लँटवर एक चक्कर मारा. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमला स्टायरीनची वाफ सुटली, तेव्हा लॉकडाऊनमुळे कारखाना बंद होता. स्टायरीन नुसतं साठवून ठेवलं तरी त्याची साखळी-क्रिया हळूहळू चालू राहते. गारवा आणि ती क्रिया रोखणारं द्रव्य, दोन्ही लागतं. म्हणजे प्लँट बंद असला तरी टाकी बंद नसते. आमच्याकडे गणपतीत निम्मा कोकण सुट्टीवर जातो. त्या दिवसांत टाकीचं तापमान कोण बघतं, त्याचं नाव फळ्यावर लिहून ठेवा.

५. माटुंग्याच्या रसायन-तंत्रज्ञान संस्थेतली मंडळी भेटली की १९३३पासूनची परंपरा ऐकावी लागते. ऐका, अभिमान रास्तच आहे. मात्र व्हॉल्व्ह कुठे अडकतो हे डिप्लोमावाल्या शिफ्ट इनचार्जला आणि जुन्या ऑपरेटरला जास्त ठाऊक असतं, आणि या सभांना नेमकं त्यांनाच आमंत्रण नसतं. पुढच्या वेळी आपल्या प्लँटवरचा एक ऑपरेटर सोबत आणा. वर्गणीचं काय ते आपण बघू.