भेगेतील पितळ : कातकामाचा एक पाठ



लाकूड कातताना मध्येच भेग, गाठीची पोकळी किंवा किडीने पोखरलेले छिद्र उघडे पडले, की नवशिक्या कारागिराला दोनच वाटा दिसतात. तुकडा चुलीत घालणे ही एक, आणि भुसा व सरस कालवून ती जागा कोणास दिसणार नाही अशी बुजवून टाकणे ही दुसरी. प्रस्तुत पाठात आम्ही तिसऱ्या वाटेचा परिचय करून देत आहोत. भेग न लपविता तीत पितळेची किंवा तांब्याची पूड भरावी आणि ती लाकडाबरोबर कातून उजळावी, ही ती वाट होय. आम्ही ही रीत आमच्या कार्यशाळेत चुकत-माकत शिकलो. म्हणून कृतीबरोबर आमच्या चुकांचीही नोंद येथे केली आहे.

लाकूड आणि धातू यांची सोयरीक जुनी आहे. उत्तर प्रदेशातील मैनपुरी येथील तारकशीत शिसवी लाकडात पितळेची तार ठोकून नक्षी साधतात. जपानमधील माकि-ए या कलेत ओल्या रोगणावर सोन्याची पूड शिंपडून चित्र उमटवितात. आपल्या सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून, घर्षणाच्या उष्णतेने वितळलेल्या लाखेचा रंग चढवितात. धातूची पूड चिकटद्रव्याने भेगेत बसविण्याची रीत त्यामानाने अलीकडची असली, तरी तिच्यामागचा विचार या कारागिरांना परका वाटणार नाही.

लाकूड का तडकते?

ओल्या लाकडातील पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतील पाणी आधी जाते व तोवर लाकूड आकसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत ओल उतरली, की भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि आकसणे सुरू होते. हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. वार्षिक वलयांच्या कडेकडेने ते जेवढे होते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्यापासून सालीकडे होते. या विषमतेचा ताण लाकडाला सोसवत नाही, आणि ओंडका गाभ्यापासून बाहेर किरणांसारखा उकलतो. भेग हा कारागिराचा दोष असेलच असे नाही. मात्र घाई हा नेहमी कारागिराचाच दोष असतो.

आमची घाई

एका वादळात आवारातील आंब्याची मोठी फांदी मोडून पडली. तिच्या लाकडातून नववीतील एका विद्यार्थ्याने 20 सेंटिमीटर व्यासाचा वाडगा कातला. प्रदर्शनाला आठ दिवस उरले असता बाहेरच्या अंगावर, काठाच्या खाली, आरपार न गेलेली एक भेग उघडली. त्या मुलाने भुसा भरून ती बुजविण्याची परवानगी मागितली. आम्ही त्याला पितळेची पूड भरावयास सांगितले. सल्ला योग्य होता, वेळ अयोग्य होती. लाकूड अद्याप ओले होते. प्रदर्शनात वाडग्याची वाखाणणी झाली. पण चैत्राच्या उन्हात लाकूड आकसले आणि पितळेच्या रेषेला लागून केसाएवढी नवी फट पडली. धातू होता तेथेच राहिला, लाकूड मात्र त्याच्यापासून दूर सरकले.

मुलाने वाडगा आमच्यापुढे ठेवून एवढेच विचारले, “सर, माझं काय चुकलं?” चूक त्याची नव्हती, आमची होती, हे त्याला सर्व वर्गासमोर सांगणे आम्हास भाग होते. त्या दिवसापासून कार्यशाळेत एक नियम झाला. वाडगा आधी जाड कातावा. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या वाडग्याला 2 सेंटिमीटर ठेवावी. उघड्या आडव्या रेषांवर मेण लावून तो सावलीत ठेवावा. दर पंधरवड्याला वजन करून तारखेसह वहीत लिहावे. लागोपाठ तीन वेळा वजन तेच भरले, म्हणजे लाकूड भोवतालच्या हवेशी जुळले असे समजावे. भेग भरण्याची वेळ त्यानंतरची. यास काही महिने लागतात, आणि ते लागू द्यावेत.

साहित्य

पितळ, तांबे आणि कासे हे धातू पटाशीने कातता येण्याइतके मऊ आहेत. पोलादाची पूड मात्र धार मारते. बारीक पूड 200 ते 325 जाळीची घ्यावी. 325 जाळीतून गेलेला कण सुमारे 44 मायक्रॉनचा असतो. किल्ल्या करणाऱ्या कारागिराच्या यंत्राखाली पडणारा पितळेचा कीसही चालतो. त्यातून लोहचुंबक फिरवून लोखंड वेगळे करावे. लोखंडाचे कण बाभळीसारख्या टॅनिनयुक्त लाकडात ओलीच्या सान्निध्याने निळसर काळे डाग पाडतात.

चिकटद्रव्ये दोन. अरुंद भेगेस पातळ सायनोअॅक्रिलेट, म्हणजे क्षणात चिकटणारे द्रव्य. रुंद पोकळीस दोन भागांचे इपॉक्सी. याखेरीज चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश हाताशी असावे.

कृती

प्रथम भेग टोकदार हत्याराने साफ करावी. सैल तंतू, साल व भुसा काढावा. भेगेभोवतीच्या लाकडावर लाखेचे पातळ पॉलिश द्यावे. आंब्यासारख्या फिक्या, सच्छिद्र लाकडात हे टाळल्यास चिकटद्रव्य आजूबाजूस झिरपते आणि घासताना धातूची धूळ रंध्रांत बसून करडी छटा आणते. आमच्या दुसऱ्या वाडग्यावर ती छटा अजून आहे.

भेग वरच्या बाजूस येईल असा वाडगा स्थिर धरावा. कोरडी पूड थोडी थोडी घालून काडीने दाबावी व वर पातळ सायनोअॅक्रिलेटचे थेंब सोडावेत. ते कणांमधील सूक्ष्म वाटांनी आपोआप खाली शोषले जाते. खोल भेग एका दमात भरू नये. थरावर थर द्यावा. शेवटचा थर लाकडापेक्षा किंचित उंच ठेवावा.

इपॉक्सी वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तांबे पाण्याच्या सुमारे नऊपट जड आहे, तर इपॉक्सी पाण्याहून थोडेच जड. पातळ मिश्रणात धातू तळाशी बसतो आणि वर काचेसारखा रिकामा थर उरतो. म्हणून पूड भरपूर घालून मिश्रण दाट करावे.

पूर्ण कठीण झाल्यावरच कातावे. धारदार पटाशीने हलके काप घ्यावेत. या टप्प्यावर रेषा काळपट दिसते. विद्यार्थी येथेच निराश होतात. पुढे 120, 180, 240, 320, 400 आणि 600 क्रमांकांचे पॉलिश पेपर क्रमाने, एकही न गाळता, हलक्या हाताने वापरावेत. तेव्हा कणांचे माथे समपातळीत येतात आणि रेषा उजळते. जोराने घासल्यास धातू तापतो, चिकटद्रव्य मऊ होते आणि लाकडाला नव्या भेगा पडतात. शेवटी रोगणाचा हात द्यावा. उघडे पितळ व तांबे हवेने काळवंडतात.

सुरक्षा

भरलेली भेग वाडग्याला बळकटी देते, असा समज धरू नये. आरपार गेलेली किंवा दाबल्यास हलणारी भेग असेल, तर तो तुकडा लेथवर चढवू नये. 20 सेंटिमीटरचा वाडगा मिनिटाला 600 फेऱ्यांनी फिरत असता त्याचा काठ सेकंदाला सहा मीटरहून अधिक धावतो. वेग दुप्पट केला की लाकूड बाहेर फेकू पाहणारा ताण चौपट होतो. लेथ सुरू करताना वाडग्याच्या रेषेत उभे राहू नये व चेहऱ्यावर ढाल असावी.

धातूची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. मास्क लावावा, धूळ फुंकून उडवू नये. अॅल्युमिनियमची बारीक पूड ज्वालाग्राही असल्याने आम्ही ती शाळेत ठेवत नाही, आणि धातूची पूड उघडी असताना जवळ धार लावण्याचे चाक चालवू देत नाही. सायनोअॅक्रिलेट सुती चिंधीने कधीही पुसू नये. सुताशी त्याची क्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते.

उपयोगाची मर्यादा

आमचा एक वाडगा भोजनगृहात द्यावा असा विचार होता. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी तो हातात घेऊन विचारले, “याला कल्हई कुठाय? ताक कळकेल की!” आम्ही रसायनशास्त्र शिकविणारे निरुत्तर झालो. आंबट पदार्थ तांबे-पितळ विरघळवितो, ही गोष्ट कल्हईच्या रूपाने घराघरात ठाऊक आहे. शिवाय काही पितळेत शिसेही असते. तेव्हा अशी भांडी शोभेसाठी किंवा पेन्सिली, खडू, बटणे ठेवण्यासाठीच वापरावीत.

तो पहिला वाडगा पुढे पूर्ण वाळला. सैल झालेले पितळ त्या विद्यार्थ्याने स्वतः कोरून काढले, भेग नव्याने भरली, आणि तळाशी दोन्ही तारखा लिहिल्या : चुकलेल्या कामाची आणि साधलेल्या कामाची. दरवर्षी कातकामाचा पहिला तास आम्ही तो वाडगा वर्गात हातोहात फिरवून सुरू करतो. मुले आधी पितळेच्या रेषेवरून बोट फिरवितात, मग वाडगा उलटा करून तारखा वाचतात. पाठ तेथूनच सुरू होतो.