वऱ्हाडी ताट आणि पथ्यपाणी

मधुमेहाचे अथवा उच्च रक्तदाबाचे निदान झाले की रुग्णाचे नातेवाईक आम्हांस औषधाविषयी फारसे विचारीत नाहीत, "आता यांनी खायचे काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मारेगाव, वणी, झरी जामणी या परिसरात या प्रश्नामागे एक ठरलेली भीती असते. भाकर, पाटवडीचा रस्सा, पोळ्याची पुरणपोळी हे सारे आता बंद होणार आणि घरात आपले ताट वेगळे मांडले जाणार, ही ती भीती. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. छापील आहारतक्ते पुष्कळदा ओट्स, ब्राऊन ब्रेड आणि ऑलिव्ह तेल यांच्या भाषेत बोलतात. असा तक्ता महिनाभर पाळला जातो, पुढे तो भिंतीवरच राहतो, आणि त्याबरोबर गोळ्या घेण्यातली नियमितताही ओसरते. म्हणून वऱ्हाडी जेवण न सोडता पथ्य कसे सांभाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मधुमेह हा शहरी सुखवस्तूंचा आजार आहे ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता, आणि ग्रामीण भागातील प्रौढांमध्येही त्याचे प्रमाण ८.९ टक्के आढळले. कापसाच्या शेतात राबणारा माणूस या आकड्याबाहेर नाही.

वऱ्हाडी अन्नाकडे पाहताना रोजचे जेवण आणि सणाचे जेवण यांत भेद केला पाहिजे. ज्वारीची भाकरी किंवा कण्या, तुरीचे वरण, अंबाडीची आंबट भाजी, पावसाच्या सुरुवातीला रानात आपोआप उगवणारा तरोटा, जवसाची चटणी, ताक आणि कांदा हे येथील रोजचे अन्न. त्यात तंतू आहेत, डाळ आहे, हिरवा पाला आहे. आमच्या मते कोणत्याही आहारतज्ज्ञाने यात दोष काढावा असे फार थोडे आहे. तेलात न्हालेले वडे, तुपात बुडवलेले रोडगे, गुळाने जड झालेले पुरण हे मात्र सणाचे, पंगतीचे अन्न. ते वर्षातून ठरावीक दिवशी होई, आणि त्याच्या आगेमागे अंगमेहनतीचे दिवस असत. बिघाड झाला तो हे दुसरे ताट पहिल्याच्या जागी येऊन बसल्याने. तर्रीदार रस्सा आणि भजी आता बसस्थानकावर रोज मिळतात. तरोटा मात्र गरिबाची भाजी म्हणून मागे पडला.

याला केवळ जिभेचे चोचले कारणीभूत आहेत असे नाही. कापूस आणि सोयाबीन यांच्या विस्तारात ज्वारीचे क्षेत्र आटले. पाखरे आणि रानडुकरे यांच्या उपद्रवामुळेही अनेकांनी ती पेरणे सोडले. स्वस्त धान्य दुकानातून मिळणारा गहू-तांदूळ २०२३ पासून मोफत झाला, तर ज्वारी बाजारातून विकत घ्यावी लागते. अशा घरातील स्त्रीला "भाकरीच करा" असे सांगताना खर्चाचाही विचार व्हावयास हवा.

भाकरीविषयी एक गैरसमजही दूर करावयास हवा. ज्वारीत दर १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात ते ३ ग्रॅमहून कमी. त्यामुळे भाताच्या तुलनेत भाकरी निश्चितच बरी. परंतु न चाळलेल्या कणकेतही तंतूंचे प्रमाण जवळपास ज्वारीइतकेच असते, आणि पिष्टमय भाग तर तिन्हींत भरपूर आहे. भाकरीने साखर वाढतच नाही, असे समजून तीन-तीन भाकरी खाणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. भाकरी औषध नव्हे, अन्न आहे. तिलाही मोज हवे. एक मध्यम भाकरी, तिच्याबरोबर वाटीभर घट्ट वरण आणि त्याहून अधिक भाजी, असे ताट भरले म्हणजे दुसऱ्या भाकरीची गरज पुष्कळांना वाटत नाही. पाण्यासारखे वरण करून भाकरीच वाढवीत जाणे ही आपल्याकडील जुनी खोड आहे, आणि तिच्यामागे बहुधा डाळीचा भाव असतो.

आता सणाच्या पदार्थांकडे वळू. वडाभात आणि गोळाभात या दोन्हींत डाळच मुख्य. फरक इतकाच की वडा तेलात तळला जातो आणि गोळा भातातच वाफेवर शिजतो. तेव्हा मधुमेही माणसाच्या घरी गोळाभात अधिक वेळा व्हावा, आणि त्यावर ओतावयाची हिंग-मोहरीची फोडणी पळीने न घेता चमच्याने मोजून घ्यावी. पाटवडीचा रस्सा उतरवून थोडा वेळ स्थिर ठेवला की तर्री वर येते. ती पळीने काढून ठेवावी. थोडा तिखटपणा तेलाबरोबर जाईल, पण खोबरे, खसखस आणि भाजलेल्या कांद्याची चव खालच्या रश्श्यात राहते. रोडग्याचे पीठ जाडे, ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले, म्हणजे तळणाचा प्रश्नच नाही. मात्र एका मोठ्या रोडग्यात दोन-तीन पोळ्यांची कणीक सहज मावते, आणि तो फोडून तुपात बुडवण्याची रीत आहे. अर्धा रोडगा, वरून चमचाभर तूप आणि वांग्याची भाजी भरपूर, असे घेतल्यास पंगतीतून उठण्याची वेळ येत नाही. पुरणपोळीचेही तसेच. ज्या दिवशी पुरण, त्या दिवशी भात नको. गूळ नैसर्गिक म्हणून चालतो हा युक्तिवाद आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. रक्तातील साखरेला गूळ आणि साखर यांतील भेद जवळजवळ कळत नाही.

तेलाचा हिशेब गृहिणीला सहज करता येतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतील दोन हजार कॅलरींच्या नमुना-आहारात तेल-तूप मिळून दिवसाला सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. पाच माणसांच्या घराला या हिशेबाने महिन्याला चार किलो पुरावे. म्हणजे पंधरा किलोचा पिपा साडेतीन महिन्यांहून अधिक चालला पाहिजे. तो दोन महिन्यांत संपत असेल तर दोष शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. जवस मात्र पुन्हा ताटात यावे असे आम्ही आवर्जून सांगू. जवसाच्या तेलातील निम्म्याच्या आसपास भाग ओमेगा-३ या उपयुक्त स्निग्धाम्लाचा असतो. भाजलेल्या जवसाची चटणी दिवसाला एक-दोन चमचे पुरते. तिच्यात मीठ मात्र बेताने घालावे. रक्तदाबाच्या रुग्णाला दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ सांगितलेले असते, आणि लोणचे, पापड, ठेचा व कुरडया यांतून त्यातील बराचसा वाटा नकळत पोटात जातो.

असाच पेच अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय समाजासमोरही उभा राहिलेला आहे. गुलामगिरीच्या काळातून आलेले त्यांचे जेवण पालेभाज्या, चवळी आणि मक्याची भाकर यांवर उभे होते. पुढे त्याची ओळख मात्र तळलेली कोंबडी आणि गोड पदार्थ यांवरून होऊ लागली. तेथील अनेक कुटुंबांनी भाजी तीच ठेवून तीत घातले जाणारे डुकराचे खारवलेले मांस कमी केले. योगायोग असा की आपली ज्वारी आणि चवळी या दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्याच.

आमचा सर्वांत अधिक आग्रह आहे तो एकाच चुलीचा. रुग्णासाठी वेगळी बेचव भाजी आणि इतरांसाठी तर्री, ही व्यवस्था टिकत नाही. वृद्ध रुग्णाच्या मनाला ती आजाराइतकीच लागते. भाजी सर्वांसाठी एकच, कमी तेलाची व्हावी, आणि ज्याला अधिक हवे त्याच्या ताटात वरून वाढावे. कारण याच घरात अधिकाची गरज असलेली माणसेही असतात. सर्वांच्या शेवटी जेवणारी, अंगात रक्त कमी असलेली सून, गर्भवती स्त्री, वजन न भरणारे मूल यांना आजोबांचे पथ्य लावणे अन्यायाचे होईल. त्यांच्या भाकरीवर तेलाची धार आणि वरणावर तूप पडलेच पाहिजे. सुनेच्या पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागण्यास मदत होते. कोलाम पोडांवरील कृश मुलांच्या बाबतीत तर "कमी खा" हा शब्दही उच्चारू नये.

दोन बाबतींत मात्र घरच्या घरी निर्णय घेऊ नये. इन्शुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना एकादशीचा किंवा नवरात्राचा उपवास डॉक्टरांना विचारल्याखेरीज धरू नये. दिवसभर उपाशी राहून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि संध्याकाळच्या साबुदाण्याने ती एकदम चढते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसताच शुद्धीवर असलेल्या रुग्णास साखरपाणी द्यावे व उपवास सोडावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात आणावे. दुसरी बाब मूत्रपिंडाच्या आजाराची. वर सांगितलेले भरपूर वरण आणि पालेभाजी या रुग्णांना अपायकारक ठरू शकतात. त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा आणि आपले रक्ततपासणीचे कागद घेऊन आहार-सल्ल्यासाठी यावे. स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत आल्यास अधिक बरे.