वजनाचा आकडा आणि पोटाची शस्त्रक्रिया

हिंगोली किंवा वसमतच्या बाजारात हळदीचे पोते काट्यावर चढते, तेव्हा खरेदीदार केवळ किलोग्रॅमचा आकडा पाहून भाव ठरवीत नाही. तो मूठभर हळकुंडे हातात घेतो, एखादे मोडून पाहतो, ओलावा किती आहे याचा अंदाज घेतो. दोन पोत्यांचे वजन सारखे असले तरी एकात हळद अधिक आणि दुसऱ्यात पाणी अधिक असू शकते. वजन म्हणजे एकूण किती, एवढेच काटा सांगतो. त्या एकूणात काय काय आहे, हे तो सांगत नाही.

विद्यार्थी मित्रहो, हीच गोष्ट माणसाच्या शरीराला लावून पाहू. वजन कमी करण्यासाठी जठरावर करावयाची शस्त्रक्रिया आता मोठ्या शहरांत नेहमीची झाली आहे. तिच्या जाहिराती जिल्ह्याच्या गावापर्यंत येतात. अतिशय स्थूल माणसासाठी निघालेला हा उपाय, ज्यांचे वजन थोडेसेच जास्त आहे अशी माणसेही मनात आणू लागली आहेत. एखाद्याच्या घरी काका, मावशी किंवा मोठी बहीण असा विचार करीत असेल. तो विचार कोणत्या मोजमापावर उभा आहे, ते तपासण्यापुरते भौतिकशास्त्र तुम्हांला नववी-दहावीतच शिकविलेले असते.

एका ज्योतिर्विदाचे सूत्र

बेल्जियममधील ॲडॉल्फ केतले हे मूळचे गणिती व ज्योतिर्विद. १८३०च्या दशकात त्यांनी अनेक माणसांच्या उंचीची व वजनाची तुलना केली. एखादा चेंडू दुप्पट व्यासाचा केला तर त्याचे वस्तुमान आठपट, म्हणजे घनाच्या प्रमाणात वाढते. प्रौढ माणसे मात्र उंचीबरोबर त्याच प्रमाणात रुंद व जाड होत नाहीत. त्यांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे केतले यांना आढळले. म्हणून किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे. या भागाकारास १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसल कीज यांनी 'बॉडी मास इंडेक्स' असे नाव दिले. आपण त्याला नुसते निर्देशांक म्हणू.

उदाहरणार्थ, उंची १.६५ मीटर व वजन ७६ किलोग्रॅम. १.६५ चा वर्ग २.७२. ७६ भागिले २.७२ म्हणजे सुमारे २७.९. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण कोष्टकात २५ ते ३० म्हणजे 'जादा वजन' आणि ३० च्या वर 'स्थूलता'. म्हणजे आपल्या उदाहरणातील व्यक्ती मध्यम जादा वजनाची ठरते. हे उदाहरण शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

सारखा निर्देशांक, वेगळी शरीरे

जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३. दिसायलाही दोघे सडपातळच. परंतु विशिष्ट क्ष-किरण यंत्राने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. सूत्र तेच, उत्तर तेच, पण चरबी दुपटीहून जास्त!

याचे मूळ जन्मापूर्वीच असावे, असे याज्ञिक यांच्या गटाच्या कामातून दिसले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील अर्भकांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोग्रॅम होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपली बाळे हडकुळी खरी, परंतु त्यांच्यात स्नायू फार कमी होते व चरबी त्या मानाने राखलेली होती. म्हणूनच भारतीयांना मधुमेह कमी निर्देशांकालाही गाठतो. भारतीयांसाठी २३ पासूनच 'जादा वजन' व २५ पासून 'स्थूलता' मानावी, असे आपल्या देशातील तज्ज्ञांनी २००९ साली सुचविले.

याच्या उलट प्रकारही आहे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलातील डॉ. आल्बर्ट बेन्के यांनी धंदेवाईक फुटबॉलपटूंची घनता पाण्याखाली वजन करून काढली. उंची-वजनाच्या कोष्टकाप्रमाणे त्यांतील अनेकजण लठ्ठ म्हणून सैन्यास अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात ते वजन स्नायूंचे होते.

आर्किमिडीजची मदत

पाण्याखाली वजन करून चरबी कशी कळते? चरबीची घनता सुमारे ०.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तर शरीराच्या उर्वरित भागाची सुमारे १.१. संपूर्ण शरीराची घनता १.०८ आली, तर चरबी आठ टक्क्यांच्या आसपास. ती १.०५ आली, तर एकवीस टक्क्यांच्या आसपास. घनतेत तीन टक्क्यांचाही फरक नाही, पण चरबीत किती मोठा!

हे शाळेत करून पाहता येईल. दोन गाठोडी करा. पहिल्यात १५० ग्रॅम दगड व ५० ग्रॅम मेण, दुसऱ्यात १०० ग्रॅम दगड व १०० ग्रॅम मेण. मेणबत्तीच्या मेणाची घनता चरबीसारखीच, सुमारे ०.९ असते. स्प्रिंगकाट्याला टांगल्यावर दोन्ही गाठोडी २०० ग्रॅम दाखवतील. आता ती पाण्यात पूर्ण बुडवा. दगडाची घनता २.६ धरली तर पहिले गाठोडे सुमारे ८७ ग्रॅम व दुसरे सुमारे ५० ग्रॅम दाखवील. हवेतला काटा जे लपवीत होता, ते पाण्यातल्या काट्याने उघड केले.

शस्त्रक्रियेत काय करतात?

दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. एकीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात व उरलेल्याची केळ्यासारखी अरुंद नळी करतात. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. अन्न थोडे मावते, हे झाले एक कारण. दुसरे असे की भूक व साखर यांचे नियमन करणारी आतड्यातील व जठरातील संप्रेरके बदलतात. त्यामुळे मधुमेह पुष्कळदा लक्षणीय सुधारतो.

याची किंमतही नीट समजून घ्यावी. पहिल्या पद्धतीत काढलेले जठर परत येत नाही. काहींना आम्लपित्ताचा त्रास वाढतो, टाक्यांच्या ओळीतून गळती होऊ शकते, वजन झपाट्याने उतरल्यास पित्तखडे होतात. ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम यांची उणीव पडू नये म्हणून आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात व रक्त तपासावे लागते. अनुभवी ठिकाणी मृत्यूचे प्रमाण हजारी एक-दोनच्या आसपास, म्हणजे फार थोडे असले तरी शून्य नाही. आणि काही वर्षांनी थोडे वजन परत चढते, असाही अनुभव आहे.

हिशेब मांडून पाहू

शरीरातील एक किलोग्रॅम चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. आपल्या उदाहरणातील व्यक्तीस २५ निर्देशांकापर्यंत येण्यास ६८ किलोग्रॅम व्हावे लागेल, म्हणजे ८ किलोग्रॅम घट. ८ × ७,७०० = ६१,६०० किलोकॅलरी. रोज ३०० किलोकॅलरींची तूट ठेवली तर सुमारे २०५ दिवस लागतात. वजन उतरते तसा शरीराचा खर्चही कमी होतो, म्हणून प्रत्यक्षात वर्षभर धरा.

आता त्याच उंचीची १३० किलोग्रॅमची व्यक्ती घ्या. निर्देशांक सुमारे ४८. तिला ५० किलोग्रॅम उतरवायचे तर ३,८५,००० किलोकॅलरींची तूट हवी. त्याच वेगाने एकही दिवस न चुकता साडेतीन वर्षे, तीही भूक वाढवून विरोध करणाऱ्या शरीराशी झगडत. अशा व्यक्तीला शस्त्रक्रियेचा लाभ फार मोठा, प्रसंगी जीव वाचविणारा असतो. भूल, चिरफाड व जन्मभराच्या गोळ्या मात्र दोघांनाही सारख्याच. धोक्याची बाजू जवळजवळ तीच राहून लाभाची बाजू लहान झाली, तर तराजू कोणीकडे झुकेल?

केवळ व्यायामावरही भिस्त ठेवू नये. ७६ किलोग्रॅमची व्यक्ती ३ मीटरचा एक मजला चढते, तेव्हा कार्य ७६ × ९.८ × ३, म्हणजे सुमारे २,२३४ ज्यूल होते. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर खर्च जेमतेम २ किलोकॅलरी. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे २०० किलोकॅलरी असतात. ती 'जाळायला' नव्वदाहून अधिक मजले लागतील! आहार बदलणे व चालणे, दोन्ही हवे. पण थोड्या घटीचेही मोल मोठे. अमेरिकेतील २००२ सालच्या एका मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना ७ टक्के वजन उतरविणे व आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम, एवढेच उद्दिष्ट दिले होते. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ७६ किलोग्रॅमचे ७ टक्के म्हणजे सव्वापाच किलोग्रॅम.

मग सीमारेषा कोणती?

१९९१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी ४० निर्देशांक, किंवा गंभीर आजार सोबत असल्यास ३५, ही रेषा आखली. २०१६ साली अनेक मधुमेह संघटनांनी, औषधांनी साखर आटोक्यात येत नसल्यास ३० पासूनही विचार व्हावा व आशियाई लोकांसाठी ही रेषा २.५ ने खाली धरावी, असे म्हटले. २०२२ साली शल्यवैद्यांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी ३५ च्या वर, आजार असो वा नसो, शस्त्रक्रिया सुचविली आणि आशियाई व्यक्तींना २७.५ च्या वर ती देऊ करावी, असे लिहिले.

येथे आपले २७.९ चे उदाहरण आठवा. एका कोष्टकात ते 'थोडे जादा', दुसऱ्यात शस्त्रक्रियेच्या दारात! मग खरे काय? दोन्ही आकडे खरे आहेत, पण आकडा फक्त दार उघडतो. आत जावे की नाही, हे सांगत नाही. कंबर किती (भारतीय पुरुषात ९० व स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या वर काळजीचे), रक्तातील साखर व रक्तदाब काय, झोपेत श्वास अडकतो का, आहार-व्यायाम व औषधे वैद्याच्या देखरेखीखाली पुरेशी करून पाहिली का, हे प्रश्न त्यानंतरचे आणि अधिक महत्त्वाचे. २७.९ निर्देशांकाच्या ज्या माणसाचा मधुमेह सर्व औषधे घेऊनही हटत नाही, त्याने शल्यवैद्याचा सल्ला घेणे शहाणपणाचे आहे. त्याच निर्देशांकाच्या ज्या माणसाची साखर, रक्तदाब व कंबर ठीक आहे आणि ज्याला केवळ लग्नसमारंभात बारीक दिसावयाचे आहे, त्याने निरोगी जठर कापून घेणे हा महागडा सौदा आहे. आणि याज्ञिकांसारखा सडपातळ माणूस काट्यावर निर्धास्त उभा राहिला, तरी त्यानेही साखर तपासून घ्यावीच.

तुमच्या वयाला हे आकडे तसेच्या तसे लागू नाहीत. वाढत्या वयात निर्देशांक वय व मुलगा-मुलगी यांप्रमाणे बदलतो; त्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली वेगळे आलेख केले आहेत. म्हणून शिक्षकांनी वर्गात वजने मोठ्याने वाचू नयेत, आणि मुलांनी कोणाला 'जाड्या' किंवा 'काडी' म्हणू नये. काट्यावरचा आकडा माणसाच्या आतले अर्धेही सांगत नाही, हे तुम्ही नुकतेच मेणाने आणि दगडाने सिद्ध केले आहे.

स्वतः सोडवा

१. उंची १.५५ मीटर व निर्देशांक २३ असल्यास वजन किती?
२. वरील प्रयोगात पाण्याऐवजी मिठाचे दाट पाणी घेतल्यास दोन्ही गाठोड्यांची वजने वाढतील की घटतील? का?
३. रोज एक भाकरी (२०० किलोकॅलरी) कमी खाल्ली, तर ८ किलोग्रॅम चरबीच्या हिशेबाने किती दिवस लागतील? प्रत्यक्षात त्याहून अधिक दिवस का लागतील, तेही लिहा.