भांग रुंदावतो तेव्हा

रायपूरच्या चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला जाण्यापूर्वी गजरा माळताना एखादीला भांग रुंदावल्याचे जाणवते. अशा वेळी महागड्या तेलाआधी कारण शोधावे. रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. बाळंतपणानंतर वा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होणारी गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते. लोहाची कमतरता व थायरॉईडचे विकार रक्ततपासणीत कळतात. आनुवंशिक विरळपणा मात्र हळूहळू वाढतो; त्यावर वेळीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने मिनॉक्सिडिल लावावे. गुण येण्यास चार-सहा महिने लागतात, औषध थांबविल्यास लाभ ओसरतो आणि गरोदरपणी ते वर्ज्य आहे. गंगावन तर पूर्वापार चालत आले आहे. त्याचा संकोच नसावा. फक्त ते हलके असावे, मुळांना ताण पडू नये.