३१ ऑगस्ट : कुंपण उठल्याचा दिवस



आपल्या सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. रिक्षावाल्याला 'सेटलमेंट फ्री कॉलनी' म्हटले की तो फक्त कितव्या नंबरची एवढेच विचारतो. पण ही 'फ्री' कॉलनी कशापासून फ्री, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला असेल? आपली मुले ज्या रस्त्याने शाळेत जातात, त्याच्या आसपास एके काळी तारेचे कुंपण होते आणि कुंपणाच्या आत हजारो बायकामाणसे, म्हातारेकोतारे आणि लेकरे सरकारी हुकमाने डांबलेली होती. म्हणून आजच्या अभ्यासासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

निमित्तही तसेच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली ३१ ऑगस्ट हा दिवस 'भटके विमुक्त दिवस' म्हणून पाळण्याचा निर्णय घेतला. ही मंडळी स्वतः तो दिवस फार वर्षांपासून 'विमुक्त दिन' म्हणून पाळत होती. त्या दिवसाला सरकारची मान्यता मात्र आता मिळाली. मान्यता मिळाली म्हणजे नेमके काय मिळाले, आणि आपल्यासारख्या त्या जमातींबाहेरच्या ख्रिस्ती माणसांचा त्याच्याशी काय संबंध, हे आपण पाहू या.

आधी इतिहास. इंग्रज सरकारने १८७१ साली 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर झाली आणि १९२४ साली त्याला एकत्रित रूप आले. या कायद्याचे वेगळेपण असे की त्यात गुन्हा सिद्ध करावा लागत नसे. सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की त्या जमातीत जन्मलेले मूल गुन्हेगार ठरे. जाहीर केलेले बरोबर की चूक, हे विचारायला कोर्टाचे दार बंद होते. पोलीसपाटलाकडे किंवा चौकीवर हजेरी, अंगठ्याचे ठसे, गावाबाहेर जायचे तर पास, आणि सरकारला वाटले तर सगळ्या कुटुंबासकट वसाहतीत रवानगी. आईबापांपासून मुले काढून घेऊन निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता. आपल्या भागात कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, छप्परबंद, मांग गारुडी अशा कितीतरी जमाती या चरकात सापडल्या.

मुंबई इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक आपल्या सोलापुरात होती. तिला 'उमेदपूर' असे नाव दिले होते. सोलापूर तेव्हा गिरणगाव होते, आणि वसाहतीतली माणसे गिरण्यांत कामाला जात. काम संपले की परत कुंपणाच्या आत, परत हजेरी. ज्यांची वागणूक सरकारच्या मते सुधारली, त्यांना कुंपणाबाहेर घर करून राहू देत. त्या घरांची वस्ती ती फ्री कॉलनी.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. देशात इतर ठिकाणी साल्व्हेशन आर्मीनेही अशा वसाहती चालवल्या. त्या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, औषधपाणी केले, हातांना काम दिले, आणि त्यांच्यातले कित्येक जण मनापासून दयाळू होते यात शंका नाही. पण कुंपणाची किल्लीही त्यांच्याच हाती होती. दया आणि किल्ली एकाच हातात असली की काय होते, हा आपल्या विश्वासाच्या दृष्टीने फार अवघड प्रश्न आहे. ती प्रॉटेस्टंट मंडळी होती, आपण कॅथलिक, असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही. पोप दुसरे जॉन पॉल महोदय २२ फेब्रुवारी १९९२ रोजी सेनेगालमधील गोरे बेटावर गेले होते. तिथून आफ्रिकेतल्या माणसांना जहाजात कोंबून गुलाम म्हणून नेत असत. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांनी हे पाप केले, असे सांगून पोप महोदयांनी तिथे देवाची क्षमा मागितली. त्यात त्यांनी कॅथलिक आणि इतर असा हिशेब केला नाही.

आता कोणी म्हणेल, ही गुलामगिरी कशी? यांची बाजारात विक्री तर झाली नव्हती. हे खरे आहे. विकत घेण्या-देण्याची गुलामगिरी कंपनी सरकारच्या मुलखात कायद्याने अमान्य झाली ती १८४३ साली. (त्या कायद्याचा कोणताही दिवस आपण पाळत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याचा दिवस नाही त्याची आठवणही राहत नाही.) परंतु जन्मामुळे ज्याचे फिरणे, राहणे, काम करणे आणि पोटचे मूलसुद्धा दुसऱ्याच्या हुकमात जाते, त्या माणसाला आणखी कोणता शब्द लावायचा? आम्हाला तरी दुसरा शब्द सापडत नाही.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हाही कायदा उभाच होता. आपल्या तेव्हाच्या मुंबई राज्याने तो १९४९ साली रद्द केला. केंद्र सरकारने अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, आणि साऱ्या देशासाठी तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणूनच या समाजातील कार्यकर्ते सांगतात की देश स्वतंत्र झाला त्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी आम्ही स्वतंत्र झालो. त्या दिवसापासून त्यांना 'विमुक्त' हे नाव मिळाले.

उशिरा पोहोचलेले स्वातंत्र्य जगात इतरांच्याही वाट्याला आले आहे. अमेरिकेत अध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला, पण टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन बंदरात त्याची वर्दी पोहोचली १९ जून १८६५ रोजी. तिथले काळे लोक पुढे दरवर्षी तो दिवस पाळू लागले. त्याला राष्ट्रीय सुट्टीचा मान मिळायला २०२१ साल उजाडले. त्रिनिदाद आणि टोबॅगो या छोट्या देशाने मात्र १९८५ सालीच १ ऑगस्ट हा गुलामांच्या मुक्तीचा दिवस राष्ट्रीय सुट्टी केला. दोन्हीकडे क्रम एकच दिसतो. दिवस आधी सुटलेली माणसे पाळतात, सरकार मागून येते. शेजारीपाजारी कधी येतात, हा प्रश्न मात्र उरतो.

पवित्र शास्त्राला दिवस पाळण्याचे महत्त्व चांगले ठाऊक आहे. निर्गमाच्या बाराव्या आणि तेराव्या अध्यायांत इस्राएल लोक अजून मिसरातून पुरते बाहेरही पडलेले नाहीत, तोच परमेश्वर त्यांना तो दिवस पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात ठेवायला सांगतो. मुलाने विचारले की बाबा, हे कशासाठी, तर बापाने काय सांगायचे तेही तिथे दिलेले आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात साप्ताहिक विसाव्याचे कारणही हेच दिले आहे. तुम्ही स्वतः दास होता हे आठवा, आणि म्हणून तुमच्या घरच्या दासदासींनाही विसावा द्या. म्हणजे सुटकेचा दिवस फक्त आनंद करण्यासाठी नाही. आपल्या दारात आज कोण राबते आहे तिकडे पाहण्यासाठी तो आहे.

पण आजच्या विषयासाठी आम्हाला सगळ्यांत जवळचे वाटते ते संत पौलाचे फिलेमोनला पत्र. बायबलमधल्या सर्वांत लहान पुस्तकांपैकी ते एक, अवघ्या पंचवीस ओव्यांचे. 'क' वर्षात सामान्य काळातील तेविसाव्या रविवारी आपण ते मिस्सामध्ये ऐकतो. तो रविवार सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत, म्हणजे विमुक्त दिनाच्या पाठोपाठच येतो. अनेसिम हा फिलेमोनचा गुलाम. तो पौलाकडे तुरुंगात येतो, तिथे ख्रिस्ती होतो, आणि पौल त्याला मालकाकडे परत पाठवताना विनंती करतो की आता याला दास म्हणून नव्हे तर प्रिय भाऊ म्हणून घरात घे.

यात दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. कित्येक शतके प्रवचनांत अनेसिमला सरळ चोर म्हटले गेले आहे. मालकाचे पैसे चोरून पळालेला नोकर! पत्रात मात्र असे कुठेही म्हटलेले नाही. पौल फक्त एवढेच लिहितो की त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड. 'असेल तर' एवढ्या दोन शब्दांवरून साऱ्या जगाने त्या गरिबाला चोर ठरवले. गुलाम आणि पळालेला, मग चोरी केलीच असणार! गुन्हेगार जमाती कायदा याहून निराळे काय सांगत होता? घरफोडी झाली की अजूनही संशय आधी कोणत्या वस्तीवर जातो, आणि भाड्याने खोली द्यायची वेळ आली की पत्ता ऐकून कोणाचा चेहरा बदलतो, हे आपण सोलापूरकरांनी एकमेकांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे हे पत्र एकट्या फिलेमोनला लिहिलेले नाही. त्याच्या घरी जमणाऱ्या ख्रिस्तसभेलाही ते उद्देशून आहे. म्हणजे ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले असणार. पौलाचे पत्र हातात असले तरी अनेसिमला खरी मान्यता मिळणार होती ती त्या घराच्या उंबरठ्यावर, जमलेल्या लोकांच्या नजरेत. शासनाचा निर्णय हेही एक पत्रच आहे. ते आवश्यक होते, आणि उशिरा का होईना पण आले याचे आम्हाला समाधान आहे. उंबरठा मात्र आपला आहे.

पत्राबरोबर सरकारकडून अजून बरेच काही यायचे आहे. गुन्हेगार जमाती कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. आपल्याकडे असा मुंबईचा कायदा १९५९ चा. जुना संशय त्या दाराने परत आत आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवार कामवाटप घटनाबाह्य ठरवले. त्याच निकालात विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये याकडेही न्यायालयाने पोलिसांचे लक्ष वेधले. त्याआधी बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगांनी आपापले अहवाल दिले होते.

या साऱ्यापेक्षा रोजच्या जगण्यात अडते ती गोष्ट साधी आहे, कागदाची. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींचा जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पालावर राहणाऱ्या, आज या गावी तर उद्या त्या गावी असणाऱ्या आजोबांचा १९६१ पूर्वीचा कोणता कागद नातवाने आणायचा? ज्यांच्या बोटांचे ठसे सरकारने एके काळी जबरदस्तीने घेतले, त्यांच्याच नातवंडांना आता तुमची नोंद कुठे आहे असे विचारले जाते. याला काय म्हणावे?

संत जोसेफिन बखिता यांची आठवण इथे सहज येते. सुदानमध्ये जन्मलेल्या या मुलीला पळवून नेऊन पुन्हा पुन्हा विकले गेले. भीतीने ती स्वतःचे नावही विसरून गेली. 'बखिता', म्हणजे अरबीत भाग्यवान, हे नाव तिला पळवणाऱ्यांनी दिले. कुंपणातल्या वस्तीला 'उमेदपूर' म्हणावे, तसेच हे. १ ऑक्टोबर २००० रोजी त्यांना संतपद मिळाले, आणि त्यांचा सण ८ फेब्रुवारी हा २०१५ सालापासून मानवी तस्करीविरोधी प्रार्थनेचा दिवस म्हणून जगभरची ख्रिस्तसभा पाळते.

आता आपल्या धर्मग्रामाविषयी. ३१ ऑगस्टच्या लगतच्या रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनेत विमुक्त व भटक्या बंधुभगिनींसाठी एक प्रार्थना असावी, अशी आमची फादरांना विनंती आहे. ती प्रार्थना 'त्या बिचाऱ्यांसाठी' अशा सुरात नको. आपल्या शहरात कुंपण होते हे तिच्यात म्हटले जावे. आपल्यातले जे शिक्षक, कारकून, वकील आणि निवृत्त सरकारी नोकर आहेत, त्यांना दाखल्यांच्या कामाची माहिती असते. महिन्यातून एक संध्याकाळ कोणाच्या तरी अर्जासोबत बसायला त्यांच्यापैकी किती जण तयार आहेत, हे लहान ख्रिस्ती समूहांच्या पुढच्या बैठकीत विचारावे. त्याच बैठकीत फिलेमोनला लिहिलेले पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावे. वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. वाचून झाल्यावर एकच प्रश्न चर्चेला घ्यावा. फिलेमोनने दार उघडले की नाही हे पत्रात सांगितलेले नाही, तर ते का सांगितले नसावे?