क्रँक सेन्सर: आधी तपासणीचे पैसे, मग पार्टचे

कळंबोली सर्कलच्या कोंडीत गाडी रखडते, इंजिन तापतं आणि अचानक बंद पडतं. सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही. इंजिन थंड झालं की मात्र लगेच चालू. कामोठ्यातल्या गॅरेजात हे सांगितलंत तर ‘क्रँक सेन्सर गेला’ असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच. ते खरंही असेल, पण फ्युएल पंप किंवा त्याचा रिले बिघडला तरी गाडी अशीच वागते. म्हणून तपासल्याशिवाय नवा सेन्सर बसवू देऊ नका.

हा सेन्सर क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीसमोर बसतो आणि इंजिनाचा वेग व स्थिती ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो. काही गाड्यांत तो पुढच्या पुलीजवळ असतो, काहींत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाशी. दुसऱ्या प्रकारात बहुधा गाडी उचलावी लागते आणि मजुरी तिथेच वाढते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये.

पहिली तपासणी फुकटची. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का पाहा. अजिबात हलत नसेल तर संशय बळावतो, पण काही गाड्यांत काटा तसाही हलत नाही, म्हणून स्कॅनरवरचा आरपीएम बघणं जास्त खात्रीचं. पी ०३३५ हा कोड सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष असल्याचं सांगतो. त्या सर्किटमध्ये वायर आणि कपलरही येतात. खाडीकाठच्या दमट हवेत कपलरच्या पिनांवर हिरवट गंज धरतो, तो आधी साफ करून घ्या.

सेन्सर दोन वायरींचा, कॉइलवाला असेल तर मल्टीमीटरवर रोध मोजता येतो. तो साधारण काहीशे ते हजारभर ओहम येतो. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. मोजमाप गरम इंजिनावरही घ्यायला सांगा, कारण तापल्यावर तुटणारी कॉइल थंड असताना ठणठणीत दिसते. तीन वायरींच्या हॉल सेन्सरचा रोध मोजू नये. त्याला ५ किंवा १२ व्होल्ट पुरवठा आणि अर्थिंग मिळतं का, सेल्फ मारताना सिग्नल येतो का, एवढं पाहायचं.

खर्चाचा ढोबळ अंदाज असा: स्कॅनिंग ३०० ते ८०० रुपये, लहान गाडीचा सेन्सर ६०० ते ३,००० आणि मजुरी ३०० ते १,०००. परदेशी बनावटीच्या गाडीला याहून बरंच जास्त लागू शकतं. सेन्सरच्या खोक्यावरच्या एमआरपीत कर धरलेला असतो, वेगळा जीएसटी देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा सरसकट दर १८ टक्के आहे. जुन्या छापील किमतीचं खोकं पुढे आलं तर नव्या दराने किंमत किती, ते विचारून घ्या.

जुना सेन्सर परत मागा, बिलावर पार्ट नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. काही गाड्यांत नवा सेन्सर बसवल्यावर स्कॅनरने ‘री-लर्न’, म्हणजे ईसीयूला नव्या सेन्सरशी जुळवून घेणं, करावं लागतं, ते मजुरीत धरलंय का हे आधीच ठरवा. पैसे देण्यापूर्वी गाडी खारघरपर्यंत नेऊन नीट तापवा, बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करून बघा. बिलावरून वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.