काच भिंतीला, कौलं डोक्यावर

अगं, तू पाठवलेले काचेच्या खोल्यांचे फोटो मी निवांत पाहिले. पांढऱ्या चौकटी, डोक्यावरही काच, आत वेताच्या खुर्च्या आणि बाहेर बर्फ. तुला तशी बसायची जागा हवी आहे ना, मग ती तू बांधच. वेल्ह्यात घर वाढवते आहेस, समोर तोरणा आहे. तो बघत चहा प्यायला जागा नको का? फक्त छपराची काच तेवढी मनातून काढून टाक. बाकीचं सगळं आपण जमवू.

ती खोली मुळात थंडीच्या मुलखातली आहे. लंडनला डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो. तिथल्या क्यू बागेतलं काचेचं पाम हाऊस 1848 मध्ये पुरं झालं, ते उष्ण देशांतली झाडं त्या गारठ्यात जगावीत म्हणून. काचेतून ऊन आत येतं, फरशी आणि सामान तापतं, आणि ती धग काचेतून सहजी बाहेर जात नाही. तिकडे हेच हवं असतं. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य दुपारी अगदी माथ्यावर येतो. काचेच्या छपराखाली त्या वेळी तू क्षणभरही बसणार नाहीस. मग वरून हिरवी जाळी टाकशील, म्हणजे काचेला दिलेले पैसे जाळीखाली झाकून ठेवायचे.

भोरला येशील तेव्हा पंतसचिवांचा राजवाडा या नजरेनं बघ. 1869 चं बांधकाम आहे. उजेड येतो तो चौकातून, आणि माणसांची ऊठबस चौकाभोवती, छपराखाली. उजेड बाजूनं घ्यायचा आणि डोकं झाकलेलं ठेवायचं, ही आपल्या हवेची रीत आहे. तुझी खोलीही तशीच कर. घराला लागून रुंद पडवी काढ, डोक्यावर पक्कं छप्पर घाल आणि उघडता येतील अशी तावदानं लाव. थंडीत ऊन, पावसाळ्यात कोरडी जागा आणि उन्हाळ्यात वारा, तिन्ही मिळतं.

आधी दिशा ठरव. जमलं तर काच दक्षिणेला आणि पूर्वेला घे. दक्षिणेचं ऊन आवरणं सोपं असतं. सात फूट उंच काच आणि तिच्या माथ्याशी अडीच फूट पुढे आलेलं छप्पर धर. मार्चच्या अखेरीला दुपारी त्या सगळ्या काचेवर सावली पडते. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो, तेव्हा सावली वरच्या पावणेतीन फुटांपुरतीच राहते आणि ऊन पावणेचार फूट आत येतं. म्हणजे पांघरूण घेऊन बसायची जागा तिथेच. पूर्वेचं ऊन सकाळचं, सोसवतं.

पश्चिमेचं मात्र मनावर घे. दुपारनंतरचं ऊन तिरकं येतं, ते कितीही रुंद छपराला जुमानत नाही. शिवाय आपली झड तिकडूनच येते. आपल्या मावळातल्या जुन्या घरांना पावसाळ्याआधी गवताचा, पानांचा आडोसा बांधायचे, तो उगाच नाही. पश्चिमेला दगडाची नाहीतर विटेची भिंत घे आणि तिच्यात एखादी लहान खिडकी ठेव. तोरणा नेमका त्याच बाजूला दिसत असेल, तर तिथे न उघडणारी एकच जाड काच बसव आणि बाहेरून बांबूचा पडदा सोड. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं असतं. आतला पडदा लावेपर्यंत धग आत आलेली असते.

आता छप्पर. माझं मत विचारशील तर मंगलोरी कौलं. उतार फुटाला सात इंच तरी हवा, नाहीतर वाऱ्याबरोबर पाणी कौलांखाली शिरतं. वानरं येतात, चार कौलं फुटतात, पण फुटलेलं कौल आपल्या माणसाकडून बदलून होतं. कौलांच्या रांगेत दोन-तीन काचेची कौलं बसव, खोली उजळायला तेवढी पुरतात. पत्रा घालायचा असेल तर खाली फळ्यांचा नाहीतर चांगल्या इन्सुलेशनचा थर हवाच. त्याशिवाय आषाढात एकमेकींचं बोलणं ऐकू येणार नाही.

पॉलिकार्बोनेट स्वस्त पडतं म्हणून मिस्त्री सुचवेल. एखाद्या पट्ट्यापुरतं घे, पण तीन गोष्टी समोर उभी राहून करून घे. उन्हापासून जपणारा लेप ज्या बाजूला असतो ती बाजू वर. पोकळ शीट असेल तर कडा टेपनं बंद, नाहीतर आत पाणी आणि शेवाळ. आणि स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं. तीन मीटरची शीट थंडी-उन्हात पाचसहा मिलीमीटर लांब-आखूड होते, तिला हलायला जागा नसेल तर ती तडकते.

काच साधी घेऊ नकोस. टफन केलेली काच साध्या काचेच्या चारपाच पट मजबूत असते आणि फुटली तरी तिचे बारीक बोथट तुकडे होतात. पण भट्टीतून आल्यावर ती कापता येत नाही, म्हणून चौकटी बसल्यावरच मापं द्यायची. डोक्यावर कुठेही काच येणार असेल तर ती लॅमिनेटेडच हवी. फुटली तरी मधल्या पापुद्र्याला धरून राहते, अंगावर पडत नाही.

चौकटींना सागवान सुंदर दिसतं. जुन्या घराचं लाकूड मिळालं तर सोडू नकोस. पण लाकडी खांब जमिनीत पुरू नकोस, दगडी तळखड्यावर उभा कर, म्हणजे ओल आणि वाळवी दूर राहते. दरवर्षी तेलपाणी करायला तुला सवड नसेल, तर पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम घे. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. सरकत्या खिडक्यांच्या पन्हाळीत पाणी साचतं. बाहेर जायला भोकं आहेत ना, ते पाणी ओतून बघ. झडीच्या बाजूला बाहेर उघडणारी, रबराची पट्टी असलेली झडप बरी.

एक गोष्ट कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. जुलैत ही खोली गच्च बंद ठेवलीस तर काचांना घाम येईल आणि गाद्यांना बुरशी. भिंतीत खाली आणि छपराशी वर, दोन्हीकडे जाळीच्या झरोक्यांची सोय ठेव. आतून एक लांब दांडी टाक. आपल्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत. ही खोली तुझी सगळ्यात जास्त सोय तिथेच करील. जमिनीला गुळगुळीत टाइल नको, ओल्या पायांनी घसरायला होतं. खरबरीत शहाबादी घाल, आणि उतार बाहेरच्या बाजूला.

पैशाची ओढाताण झालीच, तर काच कमी कर, छप्पर आणि जोतं कमी करू नकोस. जोतं उंच आणि छप्पर पक्कं असलं, की उरलेल्या खणांना या वर्षी जाळी आणि बांबूचे पडदे लावून पुढच्या वर्षी काच बसवता येते. उलट क्रमानं काही करता येत नाही. दर ठरवताना काच, चौकट, सिलिकॉन, वाहतूक आणि मजुरी सगळं धरून कागदावर लिहून घे. वाढीव बांधकामाची परवानगी कुठून लागते, ते आधी ग्रामपंचायतीत विचार.

आणि घाई करू नकोस. एक पावसाळा त्या जागेवर छत्री घेऊन उभी राहा. झड कुठून येते, पाणी कुठे साचतं, बघून ठेव. काम दिवाळीनंतर काढ, अक्षय्य तृतीयेच्या आत छप्पर चढवून घे. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो, त्याच्या आधी महिनाभर हाताशी हवा, म्हणजे छपरावर पाणी मारून गळती शोधता येईल. मिस्त्री ठरला की मला बोलाव. मापाच्या दिवशी मी तुझ्याबरोबर असेन.